पाटकऱ्याची वही

धुळ्याला तडवी मॅडमनी तेलाची बाटली
टेबलाच्या त्या टोकाला सरकवली.
"तेल नको, काका. आणि जोर तर अजिबातच नको."
मी हात मागे घेतले.
एकतीस वर्षं फावड्याच्या दांड्यावर घडलेले,
सामोड्याच्या फडात पाणी वळवणारे हात.
जोर काढून घेतला तर त्यांच्यात उरतं काय?

धनकोरचा डावा हात उशीवर,
दुसऱ्या कोणाचा ठेवायला दिल्यासारखा.
ऑपरेशनात गाठ गेली, तिच्यासोबत काखेतल्या बारक्या गाठी गेल्या,
आणि दीड वर्षानं हात भरत गेला.
बांगड्या सोनारानं कापून काढल्या.
"हाऊ हात शे का गंगाफळ?"
विचारायची, हसायची,
मग पदर ओढून घ्यायची त्याच्यावर.

आत साचलंय त्याला लसीका म्हणतात.
मला ते कोणाच्या तरी लेकीचं नाव वाटलं.
रक्त नाही, निव्वळ पाणीही नाही,
कातडीखालून निमूट चालणारं काहीतरी;
त्याला काळजासारखा पंप नाही,
माणूस हलला, श्वास घेतला, की पुढं सरकतं.

मी बोटांपासून चोळायला घेतलं होतं, वर, काखेकडे.
मॅडमनी माझं मनगट धरलं.
"ढकलताय कुठं? पुढं वाट आहे का?"

तेव्हा मात्र लाज वाटली.
पुढची चारी गाळानं बुजलेली असताना
वरची मोरी उघडणाऱ्या पोराला
मी बांधावर उभं राहून शिव्या दिल्यात.

म्हणून आधी मान.
हासळीच्या हाडामागं दोन खळगे आहेत,
तिथं बोटं ठेवायची, कातडी हलकेच ताणायची,
आणि सोडायची.
सोडणं विसरायचं नाही.
मग उजवी काख, जी धड आहे.
मग छातीवरून आडवी नवी वाट, डावीकडून उजवीकडे,
व्रणाला वळसा घालून.
मग खांदा, मग दंड, मग कोपर,
मनगट आणि बोटं सगळ्यात शेवटी,
आणि प्रत्येक वेळी पाणी वरच जायचं.
वजन किती? रुपयाचं नाणं ठेवल्याएवढं.
हात लाल झाला, तापला, थंडी भरली
तर बोटही लावायचं नाही, दवाखान्याची गाडी धरायची.

पहिल्या रात्री ती म्हणाली, "माले गुदगुल्या व्हतस."
मी म्हणालो, गप पड, श्वास पोटातून घे.
चाळीस वर्षांच्या संसारात
तिच्या मानेवर इतका वेळ माझा हात नव्हता.
दोघांनाही ते कळलं.
दोघंही छताकडे बघत राहिलो.

नंतर पट्टी. बोटांशी घट्ट, वर जाताना सैल.
ती मला अजून जमत नाही,
खांद्यापर्यंत पोचते तोवर खाली सुटते.

आखाजीला लेकी आल्या.
हिनं लपून कळण्याच्या भाकरी थापल्या, वीस-बावीस,
दोन्ही हातांनी.
सकाळी बोटांची पेरं दिसेनात.
मी खूप बोललो. नको तेही बोललो.
ती काही म्हणाली नाही, फक्त उशी घेऊन आली,
हात ठेवला, मान वळवली.
मी पुन्हा खळग्यांपासून सुरुवात केली.

पाळीची जुनी वही अजून आहे घरात.
फडाचं नाव, बारी, पाणी सोडल्याची वेळ, शेरा.
उरलेल्या पानांवर मी टेपचे आकडे लिहितो:
मनगट एकोणीस, कोपराखाली सव्वीस, दंड चौतीस.
आज मनगट साडेअठरा.
तिनं टेप स्वतः धरून पुन्हा मोजलं,
माझ्यावर विश्वास नाही म्हणून.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.

"ल्हे," म्हणाली, "पानी चालू शे."